नोकरी लागली, मग वडिलांचं कार्ड जाणार का?

विचारणारा मुलगा तेवीस वर्षांचा, जुन्नर तालुक्यातला. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पहिली नोकरी लागली आहे, पगार महिना १८,५०० रुपये. घरी केशरी रेशनकार्ड आणि दोन एकर शेती. वडील ६६ वर्षांचे. त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं आणि ते महात्मा फुले योजनेतून, म्हणजे रेशनकार्डावर मिळणाऱ्या राज्य सरकारच्या मोफत उपचार योजनेतून, होतं. गावात कुणीतरी कानात घातलंय की पोरगा कमावता झाला की कार्ड बंद पडतं. दुसरीकडे पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी, कापायची आहे, तर कंत्राटदार म्हणतो, "ईएसआय कशाला कापून घेतोस? त्यापेक्षा पाचशे रुपये वाढवून हातात देतो." आता कार्ड वाचवायला नोकरी सोडायची की कंत्राटदाराचं ऐकायचं, असा प्रश्न आहे.

नोकरी घ्या आणि ईएसआय कापून घ्या. वडिलांचं कार्ड जसंच्या तसं राहू द्या. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात मी बावीस वर्षं पीएफ-ईएसआयचं काम करतोय. हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच, आणि दर वेळी भीती चुकीच्या जागी असते. कार्ड जाईल म्हणून लोक रात्र-रात्र जागतात आणि जिथे खरंच पाय घसरतो तिथे कुणाचं लक्ष नसतं.

आधी कार्डाचं बघू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. तुमच्याकडचे जुने लोक अजून 'जीवनदायी'च म्हणत असतील. तेव्हा पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तरच आत प्रवेश होता, आणि केशरी कार्डाला वर्षाला एक लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा. तुमचे १८,५०० गुणिले बारा म्हणजे २,२२,०००. जुना नियम असता तर गावातला सल्ला खरा ठरला असता. उत्पन्न लाखाच्या वर गेलं की कार्ड पांढरं, आणि पांढरं कार्ड म्हणजे योजनेबाहेर. लोकांच्या डोक्यात तो काळ पक्का बसलाय. पण राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून तो प्रत्यक्षात आला: पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असलेलं कुटुंब पात्र, आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख. त्यामुळे उद्या तुमचं केशरी कार्ड पांढरं झालं तरी डायलिसिस थांबत नाही.

धान्य थांबू शकतं, ही गोष्ट वेगळी आहे. अन्न सुरक्षा यादीची उत्पन्न मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे, आणि ती अजूनही लागू आहे. पगार सुरू झाल्यावर त्या धान्यावर तुमचा हक्क उरत नाही. लोक धान्य आणि उपचार एकाच पोत्यात भरतात, मग धान्यासाठी उत्पन्न लपवताना उपचारासाठीही लपवावं लागेल असं त्यांना वाटतं. तसं करू नका, तशी गरजही नाही. तहसीलदाराकडे खोटा दाखला काढून ठेवलात तर पुढे तोच कुठेतरी आडवा येतो.

आता तुमचं नाव केंद्राच्या मोफत उपचार योजनेच्या, म्हणजे आयुष्मान भारतच्या यादीतही असेल तर? ती योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून बनली. त्या गणनेत घरातला कुणी महिना दहा हजारांपेक्षा जास्त कमावत असेल, सरकारी नोकरीत असेल किंवा आयकर भरत असेल तर ते घर वगळलं जायचं. म्हणूनच "नोकरी लागली की नाव कटतं" ही अफवा उगवली. पण तो प्रश्न तेव्हाच्या उत्पन्नाचा होता. तेव्हा तुम्ही शाळेत होतात.

मग खरा प्रश्न उरतो ईएसआयचा. इथे जरा थांबून बोलतो, कारण कंत्राटदाराचा तो पाचशे रुपयांचा हिशोब मला फार ओळखीचा आहे.

तुमच्या पगारातून ईएसआयला कापले जाणार ०.७५ टक्के. १८,५०० वर ते १३८ रुपये ७५ पैसे होतात, वरच्या रुपयात धरून १३९. मालकाला स्वतःच्या खिशातून घालावे लागतात ३.२५ टक्के, म्हणजे ६०२. हे दर जुलै २०१९ पासूनचे आहेत. त्याआधी मिळून साडेसहा टक्के होते. आता बघा, कंत्राटदार तुमचे ६०२ भरणं वाचवणार, त्यातले ५०० तुम्हाला देणार आणि १०२ स्वतःकडे ठेवणार. शिवाय 'माणूस चांगला आहे' हे नाव वर. तुमच्या हाती येणार महिना ६३९ जास्त. त्यातल्या त्यात हुशार कंत्राटदार आणखी एक युक्ती करतात: कागदावर पगार २१,१०० दाखवायचा आणि देताना कुठलीतरी 'कपात' करून १८,५०० च द्यायचे, कारण २१,००० च्या वर माणूस ईएसआयच्या कक्षेत येत नाही. तुमच्यासमोर असा कागद आला तर सही करू नका.

दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यात, ठरलेल्या मर्यादेतला पगार असेल तर ईएसआय सक्तीचा आहे. 'मला नको' असं लिहून दिल्याने तो टळत नाही. आणि कंत्राटी कामगाराची वर्गणी कंत्राटदाराने भरली नाही तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून कंत्राटदाराशी वाद घालत बसू नका. कारखान्याच्या एचआरमध्ये जाऊन शांतपणे विचारा, "माझा आयपी नंबर कधी मिळेल?" (आयपी नंबर म्हणजे ईएसआयमधला तुमचा विमा क्रमांक.) एवढ्या एका वाक्यावर चक्रं फिरतात. मी फिरताना पाहिली आहेत.

६३९ रुपयांच्या बदल्यात तुम्ही काय सोडत होतात ते आता सांगतो. फुले योजना किंवा आयुष्मान हे रुग्णालयाचं बिल भरतात. तुम्ही आजारी पडून दोन महिने घरी बसलात तर घरखर्च चालवायला एक पैसा देत नाहीत. ईएसआय देते. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. क्षयरोग, कर्करोग अशा लांबलेल्या आजारांत ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. कामावर अपघात झाला तर ९० टक्के, आणि त्याला ७८ दिवसांची अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. कामावर जाता-येता झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, यात धरतात. तुम्ही जुन्नरहून चाकणला रोज मोटारसायकलवर पुणे-नाशिक हायवेने येणार असाल तर हे वाक्य दोनदा वाचा.

एक गोष्ट विसरता येत नाही. बरीच वर्षं झाली. प्रेस शॉपमध्ये एक मुलगा लागला, साधारण तुमच्याच वयाचा. कंत्राटदार म्हणाला, टिकतो का बघू, पुढच्या महिन्यात नंबर काढू. तिसऱ्या आठवड्यात त्याची दोन बोटं गेली. मग धावपळ करून त्याचा नंबर काढला, तो अपघातानंतरच्या तारखेचा. कायदा त्याच्या बाजूने होता. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, ईएसआय महामंडळ कामगाराला देतं आणि मालकाकडून वसूल करतं. पण नोकरी कधी लागली हे सिद्ध करायला त्याच्याकडे ना नेमणूकपत्र होतं ना बँकेत आलेला पगार. हजेरीच्या वहीची झेरॉक्स, सोबतच्या दोघांचे जबाब, असं करत दीड वर्ष गेलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी एकच सांगतो: पहिल्या आठवड्यात आयपी नंबर, आणि त्यावरची रुजू झाल्याची तारीख स्वतः वाचायची. दुसऱ्या कुणाला वाचायला सांगायची नाही.

आता वडील. ईएसआयमध्ये 'कुटुंब' म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं, आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील, ज्यांचं सगळीकडचं मिळून उत्पन्न महिना ९,००० रुपयांच्या वर नाही. दोन एकरांत तुमच्याकडे काय पिकतं ते तुम्हालाच माहीत, पण खरा आकडा लिहा. मर्यादेत बसत असतील तर नोंदणी करतानाच आई-वडील दोघांची नावं आणि आधार क्रमांक घाला. लग्न न झालेली मुलं हा रकाना रिकामा सोडतात आणि मग आई आजारी पडल्यावर नाव घालायला पळतात. (पुढे तुमची बायको नोकरीला लागली तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ती सासू-सासऱ्यांनाही तिच्या ईएसआयमध्ये घेऊ शकते. हे पूर्वी नव्हतं.)

पण डायलिसिस लगेच ईएसआयकडे हलवू नका. दवाखान्यातली तपासणी, औषधं, साधं दाखल होणं हे तुम्हाला आणि घरच्यांना पहिल्या दिवसापासून मिळतं. डायलिसिससारख्या सुपर स्पेशालिटी उपचारांचं तसं नाही. त्यासाठी आधी काही काळ नोकरी झालेली आणि वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले असावे लागतात, आणि कुटुंबीयांसाठी ही अट कामगारापेक्षा कडक असते. शिवाय वाट डिस्पेन्सरीतून जाते: डिस्पेन्सरी, तिथून ईएसआय रुग्णालय, तिथून रेफर, मग टाय-अप रुग्णालय, म्हणजे ईएसआयशी करार असलेलं. आठवड्यातून दोनदा सुईवर झोपणाऱ्या माणसाला मध्येच या रांगेत उभं करायचं नसतं. वडिलांचं जिथे चालू आहे तिथे रेशनकार्डावर चालू द्या. तिथल्या आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाशी, बोलून ठेवा, आणि रेशनकार्डावर सगळ्यांचं केवायसी झालंय ना, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं ना, हे बघून घ्या. माझ्या अनुभवात उपचार अडतात ते नोकरीमुळे नाही, अशा फुटकळ गोष्टींमुळे. माझ्याकडच्या कितीतरी कामगारांच्या घरी दोन्ही कार्डं आहेत. एकाच उपचाराचं बिल दोन ठिकाणी लावायचं नाही, एवढं सांभाळलं म्हणजे झालं.

म्हणजे तुमच्या घराचं संरक्षण आता दोन खुंट्यांवर टांगलंय. एक रेशनकार्डाची, तिचा तुमच्या पगाराशी संबंध जवळजवळ संपलाय. दुसरी पगारपत्रकाची, आणि ती पगारवाढीने तुटते. ज्या 'पाय घसरण्या'बद्दल सुरुवातीला बोललो, तो इथे घसरतो.

२१,००० ची मर्यादा जानेवारी २०१७ पासून आहे, दिव्यांगांना २५,०००. तुमच्या कंपनीत दरवर्षी दीड-दोन हजार वाढ होत असेल तर दुसऱ्या वर्षी नाही तर तिसऱ्या वर्षी तुम्ही ती ओलांडाल. लोकांना वाटतं, ज्या महिन्यात ओलांडली त्या महिन्यात ईएसआय संपला. तसं नसतं. वर्षाचे दोन वर्गणी काळ असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू होताना तुम्ही मर्यादेच्या आत असाल तर तो काळ संपेपर्यंत आतच राहता, मध्ये पगार वाढला तरी, आणि वर्गणी वाढलेल्या पगारावर कापली जाते. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्याचा आकडा फुगला म्हणूनही कुणी बाहेर पडत नाही.

त्यापुढची गंमत फार थोड्यांना माहीत असते. प्रत्येक वर्गणी काळाला एक लाभ काळ जोडलेला असतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर त्याच वर्षीच्या जुलै ते डिसेंबरचा. समजा तुमची वाढ १ एप्रिललाच लागली आणि तुम्ही त्याच दिवशी बाहेर पडलात. आधीच्या दोन्ही काळांत ७८ दिवस भरलेले असतील, तर उपचारांचा हक्क त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत राहतो. आणि तीच वाढ १ मे ला लागली तर? तुम्ही सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणीदार राहता आणि हक्क पुढच्या वर्षाच्या ३० जूनपर्यंत जातो. एका महिन्याच्या फरकाने सहा महिन्यांचं छत्र. वाढीची तारीख तुमच्या हातात नसते हे खरं, पण एक-दोन छोट्या कंपन्यांच्या मालकांनी माझ्या सांगण्यावरून मर्यादेवरच्या मुलांची वाढ मेपासून लावली आहे आणि एप्रिलचा फरक बोनसमध्ये दिला आहे. विचारायला काय जातं?

नव्याने लागलेल्या माणसाचा पहिला लाभ काळ मात्र वेगळा मोजतात. तो रुजू झाल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. तुम्ही १० जुलैला रुजू झालात तर आजारपणाच्या रोख लाभाचा पहिला काळ १० एप्रिलपासून. तोपर्यंत औषधोपचार मिळतात, पण साध्या आजारात पगाराचे पैसे मिळत नाहीत. मुलं तिसऱ्या महिन्यात टायफॉइडचं सर्टिफिकेट घेऊन येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात, म्हणून आधीच सांगितलं.

वरचं सगळं गणित मी ईएसआयच्या हिशोबाचं 'वेतन' १८,५०० धरून केलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर वेतनाची व्याख्या बदलली आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता वेतनात, घरभाड्यासारखे ठरावीक भत्ते बाहेर, पण बाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेतनात. त्यामुळे हातात येणारी रक्कम २१,००० च्या वर असूनही कुणी ईएसआयमध्ये राहू शकतो. पगारपत्रक घेऊन एचआरला 'ईएसआय वेतन' किती धरलंय ते विचारा.

मर्यादा ओलांडल्यावर कंपनी बहुतेक वेळा ग्रुप मेडिक्लेम देते. त्यात आई-वडील असतीलच असं नाही, आणि नोकरी सुटली की तोही सुटतो. म्हणून पगार १९-२० हजारांवर आला की स्वतःची एक छोटी आरोग्य पॉलिसी सुरू करा, ईएसआय चालू असतानाच. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. ती वर्षं ईएसआयच्या छत्राखाली निघून जातात. वडिलांसाठी मात्र बाहेरची पॉलिसी शोधत फिरू नका. डायलिसिसवरच्या माणसाला ती सहसा मिळत नाही, आणि मिळवून देतो म्हणणारा एजंट आजार लपवायला सांगतो. त्यांचा आधार रेशनकार्डच.

नोकरी बदललीत तर जुना आयपी नंबर नव्या ठिकाणी सांगा. एका माणसाला आयुष्यभर एकच नंबर. नवीन काढला की जुने दिवस मोजले जात नाहीत आणि वडिलांच्या सुपर स्पेशालिटीची अट पुन्हा शून्यापासून. उमंग या सरकारी अ‍ॅपवर ईएसआय महामंडळाची सेवा आहे. दर महिन्याला तिथे वर्गणीचे दिवस चढले का ते बघत जा. पगारपत्रकात १३९ कापलेले दिसतात आणि तिकडे चलन भरलेलंच नसतं, असं होतं. दोन महिने दिवस दिसले नाहीत तर लेखी विचारा. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे, आणि हे कंत्राटदारालाही माहीत असतं.

राहता राहिलं, उद्या सरकारी नोकरी लागली तर. केंद्राची असेल तर सीजीएचएस ही केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, आणि जिथे ते नाही तिथे वैद्यकीय परिचर्या नियम. राज्याची असेल तर आधी बिल भरायचं आणि मग प्रतिपूर्तीची फाइल फिरवायची. तो वेगळाच प्रपंच आहे, वेळ आली की विचारा.

आणखी चार वर्षांनी वडील सत्तरीचे होतील. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं. मुलाचा ईएसआय चालू असला तरी ते घेता येतं. आधारवरची जन्मतारीख लागते. खेड्यात आपल्याकडे बहुतेकांची १ जून असते, शाळेच्या मास्तरांनी लिहिलेली. वडिलांची कुठली आहे ते आजच बघा, आणि चुकून वय कमी लागलं असेल तर दुरुस्तीला आत्ताच टाका.